कॅमची बेअरिंग कॅप खराब झाली तर: जुन्या डिझेल इंजिनाची दुरुस्ती, उघडण्यापासून सुरू करण्यापर्यंत

यवतमाळ-आर्णी रस्त्यावर काळी-पिवळी चालवणारे एक भाऊ उन्हाळ्यात गाडी घेऊन आले. "मिस्त्री, वरून टकटक येऊन राह्यली. टॅपेट सेट करून द्या ना." टॅपेट कव्हर उघडलं, फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घातलं, तर टॅपेटच्या आठही फटी बरोबर निघाल्या. मग इंजिन चांगलं गरम करून आयडलवर सोडलं. ऑइलचा लाल दिवा मिणमिणायला लागला आणि रेस दिली की विझायचा. नुसत्या टॅपेटच्या आवाजात दिवा असा वागत नाही. कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, सोडला तेव्हा त्याला हेडवर धरून ठेवणाऱ्या पहिल्या नंबरच्या कॅपच्या पोटात नखाला लागतील अशा रेघा होत्या, आणि खाली हेडमधलं ऑइलचं भोक वाळलेल्या सिलिकॉनने अर्धं बुजलेलं होतं. आधी कोणीतरी ऑइल गळतं म्हणून कॅपखाली ट्यूबभर पेस्ट लावली होती.

भाऊंचा पुढचा प्रश्न होता: "तं मंग कॅप बदलून टाका, कबाडीत भेटते ना?" हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. कॅप एकटी बदलता येत नाही. का येत नाही, हे नीट समजलं तर बाकीची दुरुस्ती आपोआप कळते, म्हणून आधी तेच सांगतो.

कॅप ही हेडचाच तुकडा असते

कारखान्यात हेड तयार करताना कॅप आधी बोल्टने हेडवर कसतात आणि मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दांड्याने सगळी भोकं एका रेषेत कापतात. यालाच लाइन बोरिंग म्हणतात. म्हणजे प्रत्येक भोकाचा खालचा अर्धा भाग हेडमध्ये आणि वरचा अर्धा कॅपमध्ये असला, तरी दोन्ही अर्धे एकाच वेळी, एकाच ठिकाणी कापलेले असतात. दुसऱ्या हेडची कॅप, अगदी त्याच मॉडेलची असली, तरी तिचा अर्धा गोल तुमच्या अर्ध्या गोलावर केसभर इकडे किंवा तिकडे बसतो. आणि इथे केसभर म्हणजेही फार झालं. कॅमचं जर्नल, म्हणजे कॅपमध्ये फिरणारा त्याचा गोल भाग, आणि भोक यांच्यात ऑइलसाठी ठेवलेली फट बहुतेक इंजिनांत ०.०२ ते ०.०७ मिलिमीटर असते. मिस्त्रीच्या भाषेत एक ते तीन थाऊ, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण त्याच मापाचा किंवा त्याहून जाड असतो.

मी हे शिकलो ते नुकसान करून. सुरुवातीच्या वर्षांत एका गाडीची तुटलेली कॅप मी भंगारातल्या हेडवरून काढून बसवली. बोल्ट कसले, कॅम हाताने फिरला, थोडा जड वाटला, पण "चालून मोकळा होईल" असं म्हणून गाडी दिली. गाडी चाळीसेक किलोमीटर गेली. कॅम त्या कॅपमध्ये चिकटला, टायमिंग बेल्ट तुटला आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकले. ज्या माणसाची गाडी होती त्याचा हंगाम बुडाला. तेव्हापासून माप घेतल्याशिवाय मी कॅमवर कॅप ठेवत नाही.

आधी इंजिन कोणतं ते बघा

हा लेख कॅम वर, हेडवर असलेल्या डिझेल इंजिनांसाठी आहे. आपल्याकडे अजून चालणाऱ्यांत क्वालिस, जुनी इंडिका, इसुझू डिझेलची अॅम्बेसेडर अशा गाड्या येतात, यांचा कॅम बेल्टवर चालतो. ट्रॅक्समधल्या मर्सिडीज घराण्याच्या जुन्या इंजिनातही कॅम वरच आहे, पण साखळीवर, आणि त्याला धरायची रचना निराळी आहे. जुनी महिंद्रा जीप, बहुतेक ट्रॅक्टर आणि विहिरीवरचं पंपाचं इंजिन यांत कॅम खाली ब्लॉकमध्ये बुशमध्ये फिरतो आणि वर पुशरॉड असतात. तिथे अशी कॅप नसतेच, बुश बदलायचा असतो. ते काम वेगळं.

दुसरी गोष्ट, हेडला चुंबक लावा. चिकटलं तर बिडाचं, नाही तर ॲल्युमिनियमचं. पुढचे बरेच निर्णय यावर ठरतात. काही इंजिनांत कॅपच्या आत पातळ शेल बेअरिंग असतं आणि काहींत कॅम थेट कॅपच्या धातूवर फिरतो. शेल असेल तर नशीब चांगलं, पुष्कळदा नवीन शेल टाकून काम होतं. खरी अडचण थेट धातूवर फिरणाऱ्यांत असते, म्हणून पुढचं सगळं मुख्यतः त्यांच्याबद्दल.

उघडताना

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इंजिन रात्रभर थंड होऊ द्या, गरम हेडवरचे बोल्ट सोडू नका. कव्हर उघडण्याआधी वरची माती डिझेलने धुऊन, हवा मारून साफ करा, कारण उघड्या हेडमध्ये पडलेला वाळूचा कण पुढे कॅपमध्येच जाऊन बसतो. शेजारी सोयाबीनची मळणी चालू असेल तर त्या दिवशी काम काढूच नका. थ्रेशरचा भुसा दोन वावरं ओलांडून येतो.

पुसायला कापूस किंवा कॉटन वेस्ट वापरू नका. आपण कापसाच्या मुलखात राहतो, हाताशी तोच असतो, सवयही असते. पण त्याचे तंतू ऑइलच्या बारीक भोकात अडकतात. जुन्या धोतराचं किंवा लुगड्याचं धुतलेलं, तंतू न सुटणारं कापड घ्या.

बेल्टच्या सगळ्या खुणा, म्हणजे क्रँक, कॅम आणि डिझेल पंप या तिन्हींच्या, जुळवून पांढऱ्या रंगाने पक्क्या करून ठेवा. या इंजिनांत डिझेल पंपही बहुतेक त्याच बेल्टवर असतो. बेल्ट काढल्यावर क्रँक टीडीसीपासून, म्हणजे पहिला पिस्टन अगदी वर असतो त्या जागेपासून, साधारण पाव फेरा मागे फिरवून ठेवा, म्हणजे चारही पिस्टन मधोमध येतात आणि कॅम हलला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही.

आता कॅप. प्रत्येक कॅपवर नंबर आणि पुढची बाजू दाखवणारा बाण असतो. काजळीखाली दिसत नसेल तर ब्रशने घासून बघा. नसेलच तर पेंटच्या पेनने नंबर घाला. पंच मारू नका. ॲल्युमिनियमच्या कॅपवर जोरात मारलेला पंच आतल्या गोलाचा आकार बिघडवतो.

सोडण्याचा क्रम बाहेरून आत: आधी दोन टोकांच्या कॅप, मग मधल्या, शेवटी अगदी मधली. आणि एका वेळी प्रत्येक बोल्ट फक्त अर्धा फेरा. कॅमखाली व्हॉल्व्हच्या स्प्रिंग दाबलेल्या असतात. तुम्ही चार कॅप पूर्ण सोडून पाचवी कसलेली ठेवली तर सगळ्या स्प्रिंगांचा जोर त्या एका कॅपवर येतो आणि ती कडकन फुटते. मी पाहिलेल्या फुटलेल्या कॅपांपैकी बऱ्याच रस्त्यावर नाही, दुरुस्तीतच फुटलेल्या होत्या.

कॅप निघत नसेल तर हातोडी नको. दोन बोल्ट अर्धे ठेवून ते धरून हळूहळू पुढे-मागे हलवा. निघालेल्या कॅप आणि त्यांचे बोल्ट एका पुठ्ठ्यावर क्रमाने मांडा. टॅपेट आणि शिम (फट जुळवायच्या चकत्या) यांच्यासाठी अंड्यांचा ट्रे उत्तम, प्रत्येक खड्ड्यात नंबर लिहून.

काय बिघडलंय ते नीट बघा

सगळं डिझेलने धुवा, वाळवा आणि सकाळच्या उजेडात बघा. नखाची परीक्षा करा. रेघेवरून नख आडवं फिरवलं आणि अडकलं नाही, तर ती नुसती पॉलिश झालेली खूण आहे. अडकलं तर माप घ्यायलाच हवं. कॅप आणि हेडच्या जोडावरूनही नख फिरवा. कॅप कसलेली असताना जोडावर पायरी जाणवली, तर ती कॅप या हेडची नाही किंवा उलटी बसवलेली आहे.

घासलेल्या खुणा कुठे आहेत हेही बोलतं. फक्त वर कॅपमध्येच खूण असेल तर स्प्रिंगच्या जोराने कॅम वर दाबला गेला असेल, किंवा कॅप जास्त कसलेली असेल. सगळ्या भोकांत एकाच बाजूला खुणा असतील आणि हेड कधी खूप गरम झालेलं असेल, तर हेड वाकलं आहे आणि कॅमची रेषाही त्याच्याबरोबर वाकली आहे. हा मुद्दा फार लोक चुकवतात. हेडचा खालचा चेहरा घासून सपाट केला म्हणून वरची कॅमची रेषा सरळ होत नाही. अशा हेडवर किती नव्या कॅप घातल्या तरी कॅम जड फिरणार.

तडा शोधायला जुनी पद्धत अजून चांगली आहे. कॅप रॉकेल किंवा डिझेलमध्ये काही तास बुडवा, कोरडी पुसा आणि खडूची पूड लावा. तडा असेल तिथे थोड्या वेळाने ओली रेघ उमटते. लाल रंगाचा स्प्रे आणि वर पांढरा स्प्रे असा संच मिळतो, तो आणखी बारीक तडा दाखवतो. बोल्टच्या भोकापासून निघणारा तडा बहुतेक वेळा जास्त कसल्यामुळे असतो.

बोल्टही तपासा. सगळे शेजारी उभे करून उंची बघा. एखादा लांबलेला असेल किंवा आटे मध्येच बारीक झाले असतील तर तो बदला.

माप

इथे थांबून वेळ द्या, सगळी दुरुस्ती याच्यावर उभी आहे.

माप सकाळी घ्या. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे ४५ अंश होतं आणि मायक्रोमीटर उन्हात पडलेला असतो. ३० मिलिमीटरचं ॲल्युमिनियमचं भोक २५ अंशांनी तापलं तर साधारण ०.०१७ मिलिमीटर वाढतं, लोखंडी जर्नल त्याच्या निम्मंच. म्हणजे फट जवळपास ०.००८ मिलिमीटर जास्त दिसेल. कॅम एका तापमानाचा आणि हेड दुसऱ्या, असं असेल तर चूक याहून मोठी होते. हेड, कॅम आणि मायक्रोमीटर तिन्ही रात्रभर एकाच खोलीत ठेवा.

मायक्रोमीटरने कॅमचं प्रत्येक जर्नल दोन ठिकाणी, एकमेकांना काटकोनात मोजा. मग कॅम काढून, नुसत्या कॅप पूर्ण टॉर्कवर कसून भोक बोअर गेजने मोजा: एकदा उभं, एकदा आडवं. उभ्यात आणि आडव्यात फरक असेल तर भोक अंडाकृती झालंय. कॅप सैल असताना घेतलेल्या मापाला काही अर्थ नाही.

बोअर गेज नसेल तर प्लास्टिगेज घ्या. ही मेणासारखी बारीक दोरी असते, मोठ्या शहरातल्या ऑटो दुकानांत मिळते. हिरवी ०.०२५ ते ०.०७६ मिलिमीटरसाठी, लाल ०.०५ ते ०.१५ साठी. आधी सगळे टॅपेट काढा, म्हणजे स्प्रिंगा कॅमला वर ढकलणार नाहीत. जर्नल आणि भोक ऑइल न ठेवता अगदी कोरडं पुसा, कारण ऑइलमध्ये ही दोरी विरघळते. कॅम ठेवा, प्रत्येक जर्नलवर लांबीच्या दिशेने एक तुकडा ठेवा, कॅप क्रमाने टॉर्कवर कसा. कॅम जरासाही फिरवू नका. मग कॅप सोडून चपट्या झालेल्या दोरीची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी जुळवा. जास्त रुंद झाली म्हणजे फट कमी, अरुंद राहिली म्हणजे फट जास्त. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद असेल तर भोक निमुळतं झालंय.

बहुतेक जुन्या इंजिनांत ०.१० मिलिमीटरच्या वर गेलेली फट चालवू नये. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच शेवटचा.

बेल्ट तुटला असेल किंवा कॅम चिकटला असेल तर कॅम वाकलाय का तेही बघा. दोन्ही टोकं व्ही ब्लॉकवर, मधल्या जर्नलवर डायल गेज, हळूहळू एक फेरा. पाच शतांश मिलिमीटरच्या पुढे काटा हलला तर कॅम बदलायची तयारी ठेवा.

काय करायचं: चार प्रकार

सगळ्यात साधा प्रकार: फट बरोबर आहे, फक्त वरवरच्या रेघा आहेत. मग कॅप घासून गुळगुळीत करायची नाही, फक्त वर उठलेले कडा-काटे बसवायचे. १००० नंबरचा वॉटर पेपर डिझेलमध्ये भिजवून बोटाने हलकेच, गोलाच्या दिशेने. रेघेचा खोल भाग राहू द्या, तो ऑइल धरतो. कॅमच्या जर्नलवर ॲल्युमिनियम चिकटलं असेल तर त्याच पेपरची लांब पट्टी जर्नलभोवती गुंडाळून, बूट पुसतात तशी ओढा. नंतर सगळं धुवा, कारण पेपरची पूड म्हणजे कॅमसाठी वाळूच. हे काम गावातच होतं.

दुसरा प्रकार: कॅप ठीक, पण हेडमधले आटे गेलेत. कॅपचा बोल्ट कसतानाच फिरत राहतो. एपॉक्सी भरून आटे पाडणं, बोल्टभोवती तार गुंडाळणं, जाड बोल्ट ठोकून बसवणं, हे काहीही करू नका. हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारा तारेचा कॉइल, टाका. एम ८ बोल्टसाठी ८.३ मिलिमीटरचं ड्रिल, संचातला खास टॅप आणि मग तारेचा कॉइल. ड्रिल अगदी काटकोनात हवं. कॅप जागेवर ठेवून तिच्याच भोकातून रोखून बघा. कीस बाहेर काढताना ऑइलच्या भोकांवर ग्रीस लावलेल्या कापडाचे गोळे ठेवा आणि किती ठेवले ते मोजून ठेवा, तेवढेच परत काढायचे. कॉइलचा शेपूट मोडून काढायला विसरू नका.

तिसरा प्रकार: भोक मोठं किंवा अंडाकृती झालंय. हे हेडच्या मशीन शॉपचं काम आहे आणि हेड इंजिनवरून उतरवावंच लागतं. तिथे कॅपचा बसायचा चेहरा मशीनवर थोडासा, साधारण ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर, कापतात. त्याने भोक उभ्यात लहान होतं. मग कॅप टॉर्कवर कसून लाइन बोरिंग करून ते पुन्हा मूळ मापाचं गोल करतात. बहुतेक धातू कॅपमधून निघतो, हेडमधून अगदी नावापुरता.

हीच गोष्ट रस्त्याकडेचे काही जण काचेवर पेपर ठेवून, कॅप हाताने घासून करतात. फट कमी होते, आवाजही थांबतो, म्हणून जमलं असं वाटतं. पण हाताने घासलेला चेहरा कधीच सपाट राहत नाही, आणि भोक गोल न होता चपटं होतं. ऑइलचा पातळ थर चपट्या भोकात टिकत नाही. दोन महिन्यांनी तीच गाडी कॅम खाऊन परत येते. कृपा करून हे करू नका आणि कोणी करत असेल तर गाडी उचलून आणा.

चौथा प्रकार: कॅप फुटली किंवा तडा गेला. तड्यावर वेल्डिंग करून ती कॅप परत घालू नये असं माझं ठाम मत आहे. हा तुकडा दर फेऱ्याला स्प्रिंगांचे धक्के खातो. त्याच मॉडेलच्या भंगार हेडवरची धडधाकट कॅप घेता येते, पण कच्चा माल म्हणून: तिचा चेहरा कापून, तुमच्या हेडवर कसून, मग लाइन बोरिंग. भोक फक्त खूप घासलं असेल आणि तडा नसेल, तर आर्गन वेल्डिंगने आतून ॲल्युमिनियम भरून पुन्हा बोअर करणारे चांगले कारागीर असतात. हेडच्या बाजूला मात्र वेल्डिंगची उष्णता हेड वाकवू शकते, म्हणून हेडचा खालचा अर्धा खोल खरवडला असेल तर हेडच बदला.

जुनं हेड घ्यायचं ठरलं तर हेड, सगळ्या कॅप आणि शक्य असेल तर कॅम एकाच इंजिनातला, एकत्र घ्या. पोत्यातून निवडलेल्या कॅप लावलेलं हेड घेऊ नका. दुकानातच कॅप हाताने कसून जोडावरून नख फिरवा. आतल्या कापाच्या बारीक रेघा कॅपपासून हेडमध्ये सलग गेलेल्या दिसल्या पाहिजेत.

मशीन शॉपला जाताना

पूर्ण रिकामं हेड, सगळ्या कॅप त्यांच्याच बोल्टांसकट, आणि कॅम, सगळं घेऊन जा. एकटी कॅप घेऊन गेलात आणि समोरच्याने ती एकटीच कापून दिली, तर त्याला हे काम येत नाही असं समजा. तुमची मापं कागदावर लिहून द्या. तीन गोष्टी स्पष्ट सांगा: बोअर करताना कॅप टॉर्क पान्याने कसलेल्या हव्यात, शेवटचं माप तुमच्या कॅमवरून काढायचं, आणि ॲल्युमिनियमचं हेड गरम कॉस्टिकच्या टाकीत टाकायचं नाही. ती टाकी बिडाच्या हेडसाठी असते, ॲल्युमिनियम त्यात खाल्लं जातं.

हेड घेताना तिथेच परीक्षा करा. टॅपेट न घालता, जर्नलला ऑइल लावून कॅम ठेवायचा, कॅप पूर्ण टॉर्कवर कसायच्या आणि कॅम दोन बोटांनी फिरवायचा. कुठेही न अडखळता फिरला पाहिजे. एका जागी जड होत असेल तर एकेक कॅप सोडून बघा. जी सोडल्यावर मोकळा होतो, ती चूक.

परत बसवताना

बोअरिंगनंतर हेड आधी गरम पाणी आणि साबणाने, मग डिझेलने धुवा आणि ऑइलच्या प्रत्येक वाटेतून हवा मारा. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा घेत असाल तर आधी त्याच्या टाकीतलं पाणी काढायला सांगा. एका बाजूने हवा मारली की प्रत्येक जर्नलच्या भोकातून ती बोटाला लागली पाहिजे. न लागणारं भोक तसंच ठेवून पुढे जाऊ नका, बहुतेक वेळा मूळ रोग तिथेच असतो. सम्प, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उतरवून स्ट्रेनरही बघा. जुन्या, वेळेवर न बदललेल्या ऑइलचा काळा गाळ जाळीवर बसलेला असतो.

कॅप बोल्टच्या आंधळ्या भोकांत ऑइल साचलेलं नसावं. बोल्ट खाली जाताना ते ऑइल दाबलं जातं, बाहेर यायला जागा नसते, आणि हेडला तडा जातो किंवा टॉर्क खोटा लागतो. कापडाची वात करून प्रत्येक भोक कोरडं करा.

टॅपेट आपापल्या जागी, जर्नल आणि लोबवर (कॅमच्या उंचवट्यांवर) भरपूर स्वच्छ ऑइल, मग कॅम. पहिल्या सिलिंडरचे लोब शक्यतो वर राहतील असा ठेवा. क्रँक पाव फेरा मागेच आहे ना, ते पुन्हा बघा. पुढच्या कॅपला सील करायचं असेल तर सिलिकॉनची रेघ आगपेटीच्या काडीपेक्षा बारीक, फक्त बाहेरच्या कडेला. दाबल्यावर आत आलेलं सिलिकॉन पुसता येत नाही, ते थेट ऑइलच्या भोकाकडे जातं.

कसण्याचा क्रम सोडण्याच्या उलट: मधून बाहेर. तीन फेऱ्यांत. आधी सगळ्या कॅप हाताने टेकेपर्यंत, प्रत्येक बोल्ट थोडा थोडा, कॅम समांतर खाली जाईल असा. मग अर्ध्या टॉर्कवर, मग पूर्ण. एम ८ बोल्टच्या कॅपला बहुतेक इंजिनांत १८ ते २५ न्यूटन मीटर, म्हणजे पावणेदोन ते अडीच किलो मीटर टॉर्क असतो. नक्की आकडा मॅन्युअलचा घ्या. हा आकडा हाताच्या अंदाजापेक्षा खूप कमी आहे. लांब पान्याने "घट्ट" केलेला बोल्ट सहज याच्या दुप्पट जातो.

भोकाचा मध्य थोडा खाली सरकलेला असतो, आणि हेडचा खालचा चेहरा घासला असेल तर कॅम क्रँकच्याही जवळ येतो. म्हणून टॅपेटच्या फटी नव्याने मोजा, जुन्या शिम चालतील असं धरू नका. बेल्ट आणि टेन्शनर नवीनच टाका. बेल्ट चढवून तिन्ही खुणा जुळवा आणि क्रँक हाताने, पान्याने, पूर्ण दोन फेरे फिरवा, म्हणजे कॅमचा एक फेरा होतो. मध्ये काही अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलाय. दोन फेऱ्यांनंतर खुणा परत जुळल्या पाहिजेत.

सुरू करताना

नवीन ऑइल, नवीन फिल्टर. डिझेल पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढा, म्हणजे इंजिन फिरेल पण पेट घेणार नाही. टॅपेट कव्हर अजून उघडंच ठेवा. स्टार्टर दहा सेकंद मारा, थोडं थांबा, पुन्हा मारा. प्रत्येक कॅपच्या कडेने ऑइल पाझरताना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. चार कॅपना आलं आणि एकीला आलं नाही, तर तिथेच थांबा आणि ती कॅप काढा. भाऊंच्या गाडीत हे आधीच कोणी बघितलं असतं, तर बुजलेलं भोक रेघा पडायच्या आधीच सापडलं असतं.

सगळीकडे ऑइल दिसलं की कव्हर बसवा, वायर जोडा आणि सुरू करा. पंधरा-वीस मिनिटं रेस न मारता चालू द्या. पूर्ण गरम झाल्यावर आयडलला ऑइलचा दिवा बघा. शंका असेल तर दिव्याच्या स्विचच्या जागी मीटर लावून दाब मोजा. बंद करून हेड थंड झाल्यावर पुढच्या ऑइल सीलची गळती बघा.

भाऊंची कॅप तिसऱ्या प्रकारात निघाली: फट ०.१३ मिलिमीटर. हेड शहरात नेलं, लाइन बोरिंगनंतर पहिल्या जर्नलची फट ०.०५ आली. मी त्यांना पाचशे किलोमीटरवर परत बोलावलं. ऑइल काढलं, फिल्टर करवतीने कापून त्याचा कागद पसरून उन्हात बघितला. अगदी पहिल्या धावेची थोडी करडी पूड होती, चमकणारा कण एकही नव्हता. तुम्हीही हे करा. कागदावर सोनेरी किंवा चांदीसारखे कण दिसले तर गाडी पुढे चालवू नका, कव्हर उघडा आणि पहिल्या कॅपपासून पुन्हा मोजायला लागा.